‘चूक झाली’ म्हणणारा पहिला माणूस

आईला आमवातासाठी मेथोट्रेक्सेट चालू आहे. ही गोळी आठवड्यातून एकदाच घ्यायची असते. आई दर रविवारी अडीच मिलिग्रॅमच्या तीन घ्यायची. गेल्या वर्षी न्यूमोनिया झाला म्हणून ती पुण्यातल्या एका खासगी रुग्णालयात होती. बरी होऊन घरी आली तेव्हा डिस्चार्ज कार्डावर तीच गोळी १-०-० अशी लिहिलेली होती, म्हणजे रोज सकाळी. बाबा कार्ड बघून औषधांची डबी भरत होते. दुसऱ्या आठवड्यात आईच्या तोंडात आणि घशात फोड आले, थुंकी गिळवेना, ताप चढला. रक्त तपासलं तर पांढऱ्या पेशी आणि प्लेटलेट दोन्ही घसरलेल्या.

तिला परत त्याच रुग्णालयात दाखल केलं. मेथोट्रेक्सेट जास्त झालं की फोलिनिक ॲसिडची इंजेक्शनं देतात, ती तिला लगेच सुरू झाली. म्हणजे काय झालंय हे डॉक्टरांना नक्की कळलं होतं. आम्ही विचारलं की मात्र उत्तर ठरलेलं : “औषधाची रिॲक्शन आहे, एखाद्याला येते.” आई बोलू शकत नव्हती, खुणा करायची. गार पेज चमच्यानं भरवली तरी डोळ्यांत पाणी यायचं. माझा भाऊ रात्री थांबायचा, मी दिवसा, आणि बाबा दोन्ही वेळा, कारण ते घरी जायलाच तयार नव्हते. “मीच दिल्या ना तिला गोळ्या,” एवढंच ते पुन्हा पुन्हा म्हणत होते.

तो माणूस आला तो बाबांजवळ. कँटीनबाहेरच्या बाकावर शेजारी बसला, चहा आणून दिला, जेवलात का विचारलं. स्वतःची आई अशाच हलगर्जीपणात गेली म्हणाला. मी खाली गेले तर त्याच्या मांडीवर आमची फाईल उघडी होती. डिस्चार्ज कार्डावर बोट ठेवून तो म्हणाला, “ताई, ही आठवड्याची गोळी रोजची कुणी केली? काका, तुमचा काही दोष नाही. चूक यांची झालीये.”

ते वाक्य ऐकून बाबा ढसाढसा रडले. एवढ्या मोठ्या इमारतीत ते कुणीच म्हणालं नव्हतं. आणि तो खरं बोलत होता. हे मुद्दाम लिहिते आहे, कारण ठग म्हणजे पहिल्यापासून थापा मारणारा, अशी आपली समजूत असते. ह्याची सुरुवातच सत्यानं झाली, आणि ज्यांनी सांगायला हवं होतं ते गप्प राहिल्यामुळे ते सत्य त्याला विकता आलं. उपचार करणाऱ्या डॉक्टरांनी पहिल्याच दिवशी बाबांना बाजूला घेऊन कार्ड लिहिताना काय झालं ते सांगितलं असतं, तर त्या बाकावर त्याला जागाच नसती. मी त्या रुग्णालयाला याबद्दल माफ करू शकलेले नाही. कार्ड लिहिणारा थकलेला असू शकतो. पण नंतरचं मौन शांत डोक्यानं ठरवलेलं होतं.

पुढे त्यानं रचलेलं प्रत्येक खोटं कुठल्या ना कुठल्या खऱ्या गोष्टीवर उभं होतं. वैद्यकीय सेवा ग्राहक कायद्यात येते, हे सर्वोच्च न्यायालयानं १९९५ मध्येच सांगितलंय. त्यावर त्यानं “ग्राहक आयोगाची फी” म्हणून २५,००० रुपये मागितले. प्रत्यक्षात उपचारापोटी भरलेली रक्कम पाच लाखांच्या आत असेल, तर जिल्हा आयोगात तक्रारीला फी शून्य आहे आणि पन्नास लाखांपर्यंतही ती फार तर १,००० रुपये होते. डॉक्टरांवर फौजदारी कारवाईआधी पोलिसांनी स्वतंत्र वैद्यकीय मत घ्यावं, असं सर्वोच्च न्यायालयाचा २००५ चा निकाल सांगतो, आणि पुण्यात असं मत ससून या सरकारी रुग्णालयाच्या समितीकडून मागवलं जातं. त्यावर त्याचं म्हणणं, “समितीत आपला माणूस आहे, वीस हजारांत अहवाल आपल्या बाजूनं.” शिवाय ‘तज्ज्ञांचं मत’ म्हणून १८,०००. ते मत खरंच आलं, लेटरहेडवर, शिक्क्यासकट. त्यावरच्या डॉक्टरांचा नोंदणी क्रमांक महाराष्ट्र मेडिकल काउन्सिलच्या यादीत दुसऱ्याच कुणाचा निघाला, पण ते फार नंतर कळलं. पैसे दर वेळी वेगळ्या नावाच्या यूपीआयवर जायचे. भरपाई मिळाली की त्यातला वीस टक्के वाटा त्याच्या ‘वकीलसाहेबांचा’ ठरला होता. निकालावर अवलंबून फी किंवा भरपाईत वाटा ठरवायला बार काउन्सिलच्या नियमांनुसार वकिलांना मनाईच आहे. टक्केवारी बोलणारा माणूस वकील नसतो, किंवा असलाच तर त्याच्याकडे जाऊ नये.

पैशांपेक्षा जास्त नुकसान कागदांचं झालं. “प्रतिज्ञापत्रासाठी” म्हणून त्यानं पाचशेच्या कोऱ्या स्टॅम्पपेपरवर बाबांची सही घेतली. न्यायालयात द्यायच्या प्रतिज्ञापत्राला महाराष्ट्रात मुद्रांक शुल्क माफ आहे, कोऱ्या कागदाचा तर प्रश्नच येत नाही. आणि मूळ फाईल “स्कॅन करून उद्या आणतो” म्हणून घेऊन गेला.

आई घरी आली, हळूहळू वरण-भात खायला लागली. आमच्या शेजारच्या काकूंची मुलगी शिवाजीनगर कोर्टात वकिली करते. तिनं सहज विचारलं, “तक्रारीचा नंबर काय मिळाला?” नंबर नव्हताच. ई-जागृती या ग्राहक आयोगांच्या ऑनलाइन पोर्टलवर शोधलं, आमच्या नावानं काहीच दाखल नव्हतं. तो फोनवर आधी “सुट्ट्या आहेत” म्हणाला, मग फोन बंद. आम्ही कागदांच्या प्रती मागायला रुग्णालयात गेलो, तर बिलिंगमधल्या बाईंनी आश्चर्यानं विचारलं, “पण तुमची तडजोड झाली ना?” आणि एक झेरॉक्स पुढे केली. बाबांच्या सहीच्या वर टाइप केलेलं होतं की उपचारांबद्दल आमची कोणतीही तक्रार नाही आणि ठरलेली रक्कम मिळाली आहे. आईचं दुखणं दोन्ही टोकांना विकून तो मोकळा झाला होता. ती रक्कम कुणाला दिली, ओळखपत्र पाहिलं का, बाबांना एक फोन का केला नाही, यातल्या एकाही प्रश्नाला रुग्णालयानं लेखी उत्तर दिलेलं नाही.

त्यानंतरचं सगळं आम्ही स्वतः केलं आणि त्याला जवळजवळ खर्च आला नाही. इनडोअर पेपरच्या, म्हणजे दाखल असतानाच्या उपचारांच्या नोंदींच्या, प्रतींसाठी लेखी अर्ज दिला आणि अर्जाच्या प्रतीवर पोच घेतली. मागणी केल्यापासून ७२ तासांत कागद द्यावेत, असं मेडिकल काउन्सिल ऑफ इंडियाचं २००२ चं विनियमन आहे. त्याचा उल्लेख अर्जात केल्यावर टाळाटाळ थांबली. त्या कागदांत नर्सिंग चार्टवर ‘मेथोट्रेक्सेट, रविवारी’ अशी स्पष्ट नोंद सापडली. म्हणजे वॉर्डात बरोबर होतं, कार्डावर बिघडलं. शेजारच्या त्या मुलीच्या मदतीनं ग्राहक आयोगात तक्रार दाखल झाली. मुदत दोन वर्षांची असते आणि त्या ठगाच्या भरवशावर आमचे त्यातले बरेच महिने गेले होते. पोलिसांत भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८ खाली फसवणुकीचा गुन्हा नोंदवला. पैसे ऑनलाइन गेले असतील तर १९३० या सायबर हेल्पलाइनवर ताबडतोब फोन करा असं तिथल्या अंमलदारांनी सांगितलं. लवकर कळवलं तर रक्कम पुढे जाण्याआधी गोठवता येते. आमची रक्कम तोवर काढून झाली होती.

तपास चालू आहे, म्हणून त्याचं वर्णन इथे देत नाही. पण बाकावर येऊन बसण्याची, आधी जेवणाची चौकशी करण्याची आणि मग फाईल मागण्याची हीच पद्धत तुमच्या घरच्यांवर कुणी वापरली असेल, तर त्याचे मेसेज आणि यूपीआयच्या नोंदी पुसू नका. जबाब द्यायला गेलो तेव्हा पोलिसांनी आमच्याकडे सर्वांत आधी तेच मागितलं.