आधी कादंबरी की संगीत नाटक?

रणजित देसाईंनी ‘स्वामी’ लिहिली, तसं ‘हे बंध रेशमाचे’ हे संगीत नाटकही लिहिलं. पण त्यातली पदं शान्ता शेळके यांची आणि चाली जितेंद्र अभिषेकींच्या. लातूर-परभणीत बसून काय आधी हाती घ्यावं याचा विचार करताना ही वाटणी ध्यानात ठेवा. कादंबरी एकट्यानं पुरी होते, संगीत नाटक होत नाही.

कादंबरीचा हिशेब सरळ आणि तुटपुंजा. ३५० रुपयांच्या ५०० प्रती, १० टक्के मानधन धरलं, तर सगळ्या खपल्यावर १७,५०० रुपये. नाटकाचं मानधन प्रयोगामागं ठरतं. प्रयोग थांबले की तेही थांबलं. त्यात गाणारे नट, ऑर्गन, तबला असा संच मोठा, म्हणून छत्रपती संभाजीनगरचा प्रयोग नांदेडला न्यायला निर्माता दहादा विचार करतो. हौशी संचासाठी राज्य नाट्य स्पर्धेतला संगीत नाटकांचा वेगळा गट हीच त्यातल्या त्यात बरी वाट.

लिहिताना खरी अडचण पदांत येते. ‘विहीर आटली, आड आटला’ ही ओळ कादंबरीत बिनतक्रार चालते. त्रितालाच्या १६ मात्रांत बसवायला गेलं की पहिला तुकडा ९ मात्रांचा, दुसरा ८ चा. एक मात्रा जास्त. ‘विहिर’ असं ऱ्हस्व केलं की ८ अधिक ८. शेवटचा ‘ला’ गवयाला सोयीचा, ‘आ’ या स्वरावर आलाप घेता येतो. तिथं ‘आटत’ आलं असतं, तर ‘त’वर सूर धरायचा कसा? कादंबरीकाराची दुसरी खोड म्हणजे संवादात सांगून झालेलं दुःख पदात पुन्हा सांगणं. प्रवेश तिथंच ढेपाळतो. संवाद खोडा किंवा पद.

संगीतकार हाताशी नसेल तर आधी कादंबरीच घ्या. मात्र प्रकाशकाच्या करारात नाट्यरूपांतराचे हक्क स्वतःकडे राहतील असं स्पष्ट लिहून घ्या. हक्क देताना मुदत लिहिली नसेल तर कायदा ५ वर्षं धरतो. मधल्या काळात दोन-तीन पदं लिहून गावच्या भजनी मंडळातल्या पेटीवाल्याकडून गाऊन घ्या (अशा माणसाचा कान बहुधा पक्का असतो). तो ज्या शब्दावर अडखळेल, तो बदला.