घरपोच भाडेकरार नोंदणी: मालकासाठी चोख, रूममेटांसाठी अर्धवट

लिव्ह अँड लायसन्स करार घरी येऊन नोंदवून देणारे एजंट पुण्यात आता जागोजागी मिळतात. पिंपळे सौदागरमधील एका टू बीएचके फ्लॅटसाठी आम्ही तिघांनी अशाच एका एजंटाची सेवा घेतली. करार अकरा महिन्यांचा, भाडे महिना २७,००० रुपये आणि डिपॉझिट तीन महिन्यांच्या भाड्याइतके, म्हणजे ८१,००० रुपये होते. पाचव्या महिन्याअखेरीस आमच्यापैकी एकाला हैदराबादला नोकरी लागली आणि तो निघून गेला. या सेवेची खरी परीक्षा त्या वेळी झाली, म्हणून हे परीक्षण नोंदणीच्या दिवसापुरते न ठेवता पुढच्या हिशेबापर्यंत नेले आहे.

नोंदणीच्या कामाबद्दल तक्रारीला जागा नाही. एजंटाचा माणूस ठरलेल्या वेळी लॅपटॉप, वेबकॅम आणि अंगठ्याचे मशीन घेऊन आला. मालक, आम्ही तिघे आणि दोन साक्षीदार यांचे फोटो आणि आधारशी जोडलेले ठसे त्याने शांतपणे घेतले. एका साक्षीदाराचा अंगठा मशीन काही केल्या स्वीकारेना, तेव्हा त्याने बोट ओल्या फडक्याने पुसून, मग कोरडे करून, शेवटी दुसऱ्या बोटावर काम भागवले. नोंदणी झालेला करार आणि इंडेक्स-टू, म्हणजे नोंदणीचा सरकारी सारांश-उतारा, वेळेत हाती आले, आणि पोलीस व्हेरिफिकेशनचा अर्जही त्यानेच भरून दिला.

पैशांच्या बाबतीत मात्र विचारल्याशिवाय फोड मिळत नाही. निवासी करारावरील मुद्रांक शुल्क एकूण भाडे अधिक परत मिळणाऱ्या डिपॉझिटवरील दरसाल १० टक्के मानीव (प्रत्यक्ष न मिळता फक्त हिशेबात धरलेले) व्याज यांच्या बेरजेच्या ०.२५ टक्के असते, आणि महापालिका हद्दीत नोंदणी फी १,००० रुपये आहे. आमच्या आकड्यांवर मुद्रांक शुल्क साडेसातशे-आठशेच्या घरात बसते. याच्या वरचे जे काही एजंट सांगतो ते त्याच्या श्रमाचे आणि हाताळणीचे. ते देण्यास हरकत नाही, पण ते वेगळे लिहून घ्यावे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे करार लेखी करून नोंदवण्याची जबाबदारी मालकाची आहे. खर्च मात्र बहुतेक ठिकाणी भाडेकरूच उचलतात किंवा निम्मा-निम्मा होतो.

आता मुख्य मुद्दा. एजंटाच्या तयार मसुद्यात मालक विरुद्ध भाडेकरू या नात्याची प्रत्येक शक्यता लिहिलेली आहे: लॉक-इन (ठरावीक महिने घर न सोडण्याची अट), नोटीस, भिंतीला खिळे, पाळीव प्राणी, सोसायटीचा मेंटेनन्स, इतकेच काय, ताबा न सोडल्यास दुप्पट भरपाई. तीन भाडेकरूंचे आपापसातले नाते मात्र ‘संयुक्तपणे व वैयक्तिकरीत्या जबाबदार’ या चार शब्दांत गुंडाळले आहे. डिपॉझिटसाठी एकच ओळ आहे, ती म्हणजे संपूर्ण रक्कम मालकास मिळाली. ती कोणी किती दिली, याला मसुद्यात जागाच नाही. आमच्याकडे संपूर्ण रक्कम एकाच्या खात्यातून मालकाला गेली आणि उरलेल्या दोघांनी आपापला वाटा त्याला यूपीआयने दिला, जसे बहुतेक घरांत होते. मास्टर बेडरूम घेणारा, म्हणजे पुढे हैदराबादला गेलेला, महिना ११,००० रुपये भाडे देत होता आणि दुसऱ्या खोलीतले आम्ही दोघे प्रत्येकी ८,०००. त्याच प्रमाणात डिपॉझिटचे वाटे ३३,०००, २४,००० आणि २४,००० होते. करार वाचणाऱ्या तिऱ्हाइताला यातले काहीच कळणार नाही.

याचे परिणाम समजण्यासाठी भारतीय करार कायदा, १८७२ मधील दोन कलमे पुरेशी आहेत. कलम ४३ प्रमाणे अनेकांनी मिळून वचन दिले असेल तर समोरचा माणूस त्यांपैकी कोणाही एकाकडून ते पूर्ण करून घेऊ शकतो, आणि ज्याने भरले त्याला इतरांकडून समान वाटा मागता येतो, करारातून वेगळा हेतू दिसत नसेल तर. म्हणजे एक जण निघून गेला तरी मालक उरलेल्या दोघांकडून पूर्ण २७,००० मागणार आणि ते त्याच्या हक्काचे आहे. ‘वेगळा हेतू’ कुठे लिहिलेला नसेल, तर मोठी खोली आणि जास्त भाडे ही आमची तोंडी वाटणी सिद्ध करत बसावे लागणार. कलम ४५ प्रमाणे अनेकांना मिळून दिलेले वचन पुरे करून मागण्याचा हक्कही सर्वांचा एकत्रित असतो. त्यामुळे मध्येच जाणाऱ्याने मालकाला फोन करून ‘माझे ३३,००० द्या’ म्हणणे आणि मालकाने ‘करार संपल्यावर तिघांना मिळून देईन’ म्हणणे, यांत मालक आडमुठेपणा करत असतो असे नाही.

आमच्याकडे वाद अपेक्षित वळणानेच गेला. जाणाऱ्याचे म्हणणे असे की डिपॉझिट हे त्याचे पैसे आहेत आणि खोली त्याने झाडूपोछा करून दिली आहे. राहणाऱ्यांचे म्हणणे असे की सहा महिन्यांचा लॉक-इन संपलेला नसताना तो निघाला, तेव्हा त्याने भुर्दंड सोसावा. दोन्ही बाजूंत थोडे थोडे तथ्य होते. लॉक-इनचे कलम मालकाच्या संरक्षणासाठी असते. त्याला दरमहा पूर्ण भाडे मिळत राहिले तर त्याचे काहीच बिघडत नाही आणि त्या कलमाचा हवाला देऊन राहणाऱ्यांनी जाणाऱ्याकडून दंड वसूल करणे मला पटत नाही. राहणाऱ्यांचे खरे नुकसान दुसरीकडे असते: नवा माणूस येईपर्यंत रिकाम्या खोलीचे भाडे त्यांच्या अंगावर पडते. तेवढे जाणाऱ्याने द्यावे, त्याहून अधिक नाही.

एजंटाला विचारले तेव्हा तो सौजन्याने बोलला, परंतु उत्तर एकच होते: जुना करार रद्द करा, नव्या माणसासह नवा करार करा, मुद्रांक, नोंदणी आणि त्याची फी पुन्हा भरा. आपसातल्या हिशेबासाठी काही नमुना आहे का, या प्रश्नावर त्याने ते ‘तुमचे तुम्ही बघा’ म्हणून सोडून दिले. त्याच्या सेवेवरचा माझा मुख्य आक्षेप हाच आहे. तिघांचे अंगठे घेताना एका पानाचा आपसातला करार पुढे ठेवणे त्याला सहज शक्य होते आणि त्याचे वेगळे पैसे आम्ही आनंदाने दिले असते.

बहुतेक घरांत यावर रूढ तोडगा असा असतो की नवा रूममेट जाणाऱ्याला त्याचे डिपॉझिट परस्पर देतो आणि मालकाकडची रक्कम जागची हलत नाही. तोडगा सोपा असला तरी त्यात एक खोच आहे. अनेक मालक घर सोडताना रंगकामापोटी एक महिन्याचे भाडे कापून घेतात. ही कपात शेवटी होते आणि तेव्हा घरात जो असतो त्याच्या वाट्याला येते. आमच्या मास्टर बेडरूमच्या भिंतीवर पलंगाच्या डोक्याच्या बाजूला तेलाचा लांबट डाग होता आणि कपाटाच्या एका दाराची बिजागरी सुटून ते तिरके लोंबत होते. दोन्ही गोष्टी नवा मुलगा येण्यापूर्वीच्या. त्याने पूर्ण ३३,००० मोजले असते, तर दुसऱ्याच्या डागाचे पैसे त्याच्या माथी बसले असते. खोलीची पाहणी न करता डिपॉझिट हातोहात फिरवणे हे जाणाऱ्याच्या सोयीचे आणि येणाऱ्याच्या तोट्याचे असते.

म्हणून आम्ही हिशेब असा केला. रंगकामाच्या संभाव्य कपातीत मास्टर बेडरूमचा वाटा ११,००० धरला, म्हणजे अकरा महिन्यांसाठी महिना १,०००. जाणारा पाच महिने राहिला, त्याचे ५,०००. खोली अर्धा महिना रिकामी राहिली, त्याचे ५,५००. ते वजा जाता त्याला २२,५०० रुपये मिळाले. नव्या मुलाने एकूण २८,००० दिले, त्यांतले २२,५०० जाणाऱ्याला आणि ५,५०० आम्हा दोघांना. मात्र मालकाकडच्या रकमेतला त्याचा हक्क ३३,००० चाच ठरला. शेवटी रंगकामाचे ११,००० कापले गेले तरी त्याला करारातल्या उरलेल्या सहा महिन्यांपुरता ६,००० रुपयांचाच भार येतो. बिजागरी जाणाऱ्याने स्वतःच्या खर्चाने बसवून दिली. हे सर्व व्हॉट्सॲपवर चौघांनी ‘मान्य’ लिहून कायम केले आणि मालकाकडूनही बदल मान्य असल्याचा संदेश घेतला. नव्या मुलासाठी तो संदेश सर्वांत महत्त्वाचा होता, कारण इंडेक्स-टूवर त्याचे नाव नव्हते आणि नवा करार होईपर्यंत त्याच्या पैशांचा दुसरा पुरावा तोच. जाणाऱ्यालाही नव्या कराराची घाई असायला हवी. जुन्या करारावर नाव आहे तोवर उरलेल्यांनी भाडे थकवले तरी मालक त्याच्याकडे मागू शकतो.

प्रकरण समजुतीने मिटले नसते तर वाट लांबची होती. रूममेट हे एकमेकांचे ग्राहक नव्हेत, त्यामुळे ग्राहक आयोगाचा उपयोग नाही. दिवाणी दाव्याला साधारणपणे तीन वर्षांची मुदत मिळते, पण एवढ्या रकमेसाठी वकिलाची फी परवडत नाही. त्या मानाने जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे दावा दाखल होण्यापूर्वीच अर्ज करून प्रकरण लोकअदालतीत नेण्याची सोय अधिक व्यवहार्य आहे. डिपॉझिट दोन महिन्यांच्या भाड्यापुरते मर्यादित करणारा २०२१ चा आदर्श भाडेकरू कायदा अनेक जण पुढे करतात. तो राज्याने स्वीकारल्याखेरीज लागू होत नाही, आणि रूममेटांमधल्या वाटणीचा प्रश्न त्यानेही सुटत नाही.

नोंदणीसाठी मी या एजंटाला पाचपैकी चार गुण देईन आणि एकाहून अधिक भाडेकरू असलेल्या घरासाठीची सेवा म्हणून अडीच. नव्या करारासाठी आम्ही त्यालाच बोलावले, मात्र दोन अटी घालून. प्रत्येकाने आपला वाटा स्वतःच्या खात्यातून दिल्याचे किंवा परस्पर चुकता केल्याचे डिपॉझिटच्या ओळीत नावानिशी लिहायचे, आणि आमचा आपसातला एक पानी करार त्याच बैठकीत सह्या करून पुरा करायचा. अशा करारासाठी पूर्वी शंभराचा मुद्रांक चाले, ऑक्टोबर २०२४ पासून पाचशेचा लागतो. तिघांत तो जड नाही. त्या पानावर कोणाचा वाटा किती, निघताना किती दिवस आधी सांगायचे, बदली माणूस कोणी शोधायचा, रिकाम्या दिवसांचे भाडे कोणी द्यायचे आणि रंगकामाचे पैसे महिन्यांच्या प्रमाणात कसे वाटायचे एवढेच आहे. सोबत प्रत्येक खोलीचे तारखेसह फोटो जोडले आहेत. एजंटाने ते पान वाचून पाहिले आणि त्याची एक कोरी प्रत स्वतःसाठी मागून घेतली.