कॉलेज रोडवरची ‘आडनावाची फ्रेम’: अडीच स्टार, त्यातला अर्धा कटिंग चहाचा

आधी दुकानाबद्दल. नाव घेत नाही कारण मालक माणूस वाईट नाही, आणि चूक निम्मी माझीच आहे. नाशिकच्या कॉलेज रोडवर लेझरने लाकडावर फोटो कोरून देणारी, मगवर नाव छापून देणारी जी गिफ्टची दुकानं आहेत ना त्यातलंच एक. काचेवर मोठा बोर्ड, ‘तुमच्या आडनावाचा इतिहास, राजचिन्हासहित, फ्रेममध्ये’. राजचिन्ह शब्द वाचून मी फसलो, सरळ सांगतो.

झालं असं की आमच्या सातपूरच्या कंपनीत (कुठली ते सोडा, नोकरी प्यारी आहे) दोन वर्षं एक जर्मन साहेब होते, आडनाव श्नायडर. परत जायचे होते म्हणून सेंडऑफला डिपार्टमेंटने वर्गणी काढली आणि गिफ्टची जबाबदारी माझ्यावर आली. का, तर माझं आडनाव शिंपी. साहेबांना पहिल्याच आठवड्यात कोणीतरी माझ्या आडनावाचा अर्थ सांगितला होता आणि ते कॅन्टीनमध्ये सगळ्यांसमोर उठून माझा हात हातात घेऊन म्हणाले होते, अरे आपण दोघं एकच! श्नायडर म्हणजे पण शिंपीच. तोपर्यंत आम्हाला श्नायडर म्हटलं की त्या नावाच्या वीजसामानाच्या कंपनीचे स्विच, एमसीबी आणि कॉन्टॅक्टर एवढंच आठवायचं. (ती कंपनी फ्रेंच आहे बरं का, 1836 साली दोन श्नायडर भावांनी फ्रान्समधल्या ल क्रूझोचा लोखंडाचा कारखाना घेतला तिथून सुरू झालेली, पण ते भाऊ लॉरेनचे, म्हणजे जर्मन हद्दीला लागून असलेल्या भागातले, म्हणून आडनाव तसं.)

तर फ्रेम. किंमत 1850, तीन दिवसात डिलिव्हरी, अर्जंट पाहिजे तर 200 जास्त. सांगितलं सागवान, हातात आलं एमडीएफवर सागवानी पत्रा. मला लाकडातलं फार कळत नाही पण मागच्या बाजूला खिळा ठोकायला गेलो तर भुसा पडला, एवढं कळतं. लेझरचं काम मात्र स्वच्छ, कडा जळलेल्या नाहीत, पॉलिश एकसारखं. वर ढाल, ढालीत सिंह, सिंहाच्या पंज्यात कात्री. सिंह कात्री धरून काय करणार हा प्रश्न आमच्या बायकोने पहिल्या मिनिटाला विचारला, तेव्हाच मला शहाणपण यायला पाहिजे होतं.

पहिला घोळ स्पेलिंगचा. जर्मनमध्ये ‘ई’ आधी आणि ‘आय’ नंतर आलं की उच्चार ‘आय’, आणि उलटं लिहिलं की लांब ‘ई’. दुकानातल्या पोराने दोन अक्षरं उलटी टाकली आणि साहेब झाले श्नीडर. मी दाखवलं तर म्हणतो, दादा एवढं कोण बघतं? अरे भाऊ, ज्याचं आडनाव आहे तो बघतो! मालकाने मात्र हुज्जत न घालता नवीन पट्टी कोरून दिली, पैसे घेतले नाहीत, वर चहा पाजला. अर्धा स्टार त्याचा.

दुसरा घोळ मजकुराचा, आणि तोच खरा. फ्रेमवर लिहिलं होतं की श्नायडर हे राइनलँडचं (जर्मनीचा पश्चिमेकडचा भाग) प्राचीन सरदार घराणं, राजाने त्यांना ही ढाल बहाल केली. हा मजकूर दुकानदाराचा नाही, तो कुठल्याशा वेबसाइटवरून आडनाव टाकलं की तयार मिळतो. मला शंका आली म्हणून दोन रात्री बसून वाचलं (बायको म्हणाली कंपनीच्या ऑडिटला एवढा अभ्यास केला असता तर प्रमोशन झालं असतं), आणि जे कळलं ते असं की बरोबर गोष्ट थोडी होती आणि बनाव भरपूर.

बरोबर एवढंच की अर्थ शिंपी. ‘श्नायडेन’ म्हणजे कापणे, कापणारा तो श्नायडर, कापड कापून कपडे शिवणारा. त्यातही एक गंमत आहे, जुन्या शहरांत ‘गेवांटश्नायडर’ नावाचे लोक असायचे, ते शिवायचे नाहीत, भारी कापडाचे तागे कापून विकायचे, म्हणजे आपल्या मेन रोडवरचे कापडवाले म्हणा. तेव्हा एखाद्या श्नायडरचा पूर्वज सुई धरणारा असेल किंवा गल्ल्यावर बसणारा पण असेल, नुसत्या आडनावावरून सांगता येत नाही.

आणि ही आडनावं काही अनादी काळापासूनची नाहीत. जर्मन शहरांत साधारण बाराव्या शतकापासून, आधी पश्चिम आणि दक्षिणेकडे, माणसाच्या नावापुढे दुसरं नाव लागायला लागलं, कारण एका गल्लीत दहा हान्स असले तर कर कोणाकडून घ्यायचा? मग हान्स लोहार, हान्स शिंपी, हान्स टेकडीवाला, हान्स लाल केसवाला. पुढे ते बापाकडून पोराकडे जायला लागलं आणि पोराने शिलाई सोडली तरी आडनाव चिकटून राहिलं. उत्तरेला फ्रिसलंडमध्ये तर बापाचं नाव लावायची पद्धत इतकी पक्की होती की 1811 साली नेपोलियनच्या राज्यात हुकूम काढून लोकांना कायमची आडनावं घ्यायला लावली. स्पेलिंग तर कितीतरी वर्षं पाद्री लिहील तसं असायचं, सगळ्या जर्मनीत सरकारी जन्ममृत्यू नोंदणी 1876 पासून लागू झाली तेव्हा ते जागेवर बसलं.

आपल्याला हे सगळं नवीन नाहीच मुळी. लोहार, सुतार, कुंभार, कोळी, साळी ही आडनावं नाशकात कुठल्याही सोसायटीच्या बोर्डावर सापडतील. तिकडे श्मिट म्हणजे लोहार, त्सिमरमान म्हणजे सुतार, फिशर म्हणजे मासे धरणारा, वेबर म्हणजे विणकर, श्राइबर म्हणजे लिहिणारा, म्हणजे जवळजवळ कुलकर्णीच. शुल्त्स म्हणजे गावाच्या वतीने वसुली बघणारा, आपला पाटील! टेनिसवाला बोरिस बेकर म्हणजे पाववाला आणि आपला फॉर्म्युला वनचा शूमाखर म्हणजे जोडे शिवणारा. हे मी कॅन्टीनमध्ये सांगितल्यावर आमच्या पाटलाने दोन दिवस स्वतःला शुल्त्स म्हणवून घेतलं. आणि मायको सर्कलवरून रोज जाताना ज्या बॉश कंपनीचं नाव वाचतो त्याचा अर्थ झाडोरा, रान. एवढा मोठा कारखाना आणि नाव झुडपाचं.

आता किती लोक, तर जर्मनीत सगळ्यात जास्त म्युलर, म्हणजे चक्कीवाले, दुसरे श्मिट आणि तिसरे श्नायडर. दर गावाला एक चक्की, एक लोहार, एक शिंपी लागणारच. पण हे आडनाव सगळीकडे सारखं नाही, मला यातलं हेच सगळ्यात आवडलं. नैर्ऋत्येकडे, म्हणजे राइनलँड-फाल्त्स, सारलँड, हेसे या पट्ट्यात श्नायडर दाटीने आहेत. उत्तरेत जा, तिथल्या बोलीत शिंप्याला वेगळा शब्द होता, म्हणून तिथे श्र्योडर. त्यांचे माजी चान्सलर गेरहार्ड श्र्योडर, ते पण अर्थाने शिंपीच! स्वित्झर्लंडमध्ये श्नीडर (म्हणजे दुकानातल्या पोराची चूक तिकडे चालून गेली असती, फक्त अक्षर वेगळं), अमेरिकेत गेले ते स्पेलिंग बदलून स्नायडर होऊन बसले, हॉलंडमध्ये स्नेइडर्स, हंगेरीत साबो, आणि जे जास्त शिकले त्यांनी लॅटिन करून सार्टोरियस केलं. जर्मन अभ्यासकांनी 2005 सालच्या टेलिफोनच्या नोंदी घेऊन आडनावांचा अख्खा नकाशाच छापलाय, जाडजूड खंड आहेत. माइन्झ शहरातल्या अभ्यासकांचा आडनावांचा शब्दकोश तर ऑनलाइन फुकट आहे. 1850 रुपयात मला जे मिळालं नाही ते तिथे फुकट आहे, हे फ्रेम घ्यायच्या आधी कोणी सांगितलं असतं तर बरं झालं असतं.

बनाव कुठला? तो ढालीचा. ढाल आडनावाला मिळत नाही, एका माणसाला किंवा घराण्याला मिळते आणि त्याच्या वंशात चालते. दोन श्नायडर घराण्यांच्या ढाली वेगळ्या असू शकतात आणि बहुतेक श्नायडरांकडे ढाल नसतेच. शिवाय ढाल आहे म्हणजे सरदार असंही नाही, तिकडे साध्या शहरी लोकांच्या आणि कारागिरांच्या संघांच्या पण ढाली असायच्या. म्हणजे उद्या कोणी ‘शिंपी घराण्याची राजमुद्रा’ म्हणून शिक्का विकला तर आपण हसू ना, तेच हे.

पण वेळ संपली होती. सेंडऑफला फ्रेम दिली. साहेबांनी कागद फाडला, वाचलं, मोठ्याने हसले, सगळ्यांचे आभार मानले, आणि नंतर मला बाजूला घेऊन म्हणाले, शिंपी, फ्रेम सुंदर आहे, पण हे राइनलँडवाले आम्ही नाही. मी म्हटलं झालं कल्याण.

त्यांचं घर रूर भागातलं, डॉर्टमुंडकडचं, सगळे खाणकामगार. पणजोबा पूर्वेकडून कोळशाच्या खाणीत कामाला आलेले, आडनाव क्राफचिक. पोलिशमध्ये क्राव्हिएत्स म्हणजे शिंपी आणि क्राफचिक म्हणजे छोटा शिंपी, शिंप्याचा पोरगा. पोलिश नावाला तिकडे लोक नाक मुरडायचे म्हणून पणजोबांनी अर्ज करून भाषांतर करून घेतलं, क्राफचिकचा श्नायडर. मी विचारलं हे तुम्हाला कसं माहीत, तर म्हणाले आजीच्या कपाटात एक छोटं पासबुक होतं. हिटलरच्या काळात माणूस ज्यू नाही हे सिद्ध करायला लोकांना आजी-आजोबांपर्यंतच्या जन्माच्या नोंदी चर्चमधून शिक्के मारून आणाव्या लागायच्या, त्या लिहून ठेवायचं ते पासबुक. त्यातच जुनं आडनाव सापडलं. त्यांच्या बाबांनी ते पासबुक कधी कोणाला दाखवलं नाही. हे ऐकल्यावर सिंह आणि कात्रीवाली फ्रेम हातात धरून मला कसंतरीच झालं. म्हणून कोणा जर्मन माणसाला वंशावळीचं काही द्यायचं असेल तर आधी विचारून घ्या, काही घरांत तो विषय हसण्याचा नसतो.

साहेबांचं विमान रविवारी होतं, शनिवारी त्यांनीच विचारलं की तुमचं आडनाव कधी बदललं का? मला काय माहीत. मग म्हटलं चला, आणि त्यांना घेऊन पंचवटीत आमच्या गुरुजींकडे गेलो. रामकुंडाजवळ ज्यांचे पिढीजात तीर्थपुरोहित आहेत त्यांना वहीची गोष्ट माहीत असेल, बाकीच्यांसाठी सांगतो, यात्रेला, अस्थी विसर्जनाला आलेल्या माणसाचं नाव, गाव, बापाचं नाव, भावंडं हे सगळं नामावळीत लिहून घेतात, कित्येकदा त्याच्याच हाताने. गुरुजींनी गाव विचारलं, येवला म्हटल्यावर लाल कापडातलं एक लांबलचक बाड काढलं, पंधरा मिनिटं पानं उलटली, आणि पणजोबा सापडले. नाव, वडिलांचं नाव, मुक्काम येवले, ज्ञाती शिंपी. आडनावाच्या जागी काहीच नाही. खाली आजोबांच्या नोंदीत तीच ज्ञाती आडनाव होऊन बसलेली. गुरुजी म्हणाले, शाळेत नाव घालताना मास्तरांनी विचारलं असेल कोण तुम्ही, यांनी सांगितलं असेल शिंपी.

साहेब ते पान कितीतरी वेळ बघत होते. म्हणाले आमच्याकडे पण चर्चची अशीच पुस्तकं असतात, कॅथलिकांनी तर 1563 च्या ट्रेंट गावातल्या धर्मसभेत ठरवूनच टाकलं की बाप्तिस्मा आणि लग्नं लिहून ठेवायची. त्यातली बरीच आता स्कॅन करून नेटवर आहेत, कॅथलिकांची मात्रिकुला नावाच्या साइटवर फुकट, प्रोटेस्टंटांची आर्खिऑनवर पैसे भरून. ज्याला खरंच शोधायचंय त्याने गाव धरून तिथे शोधावं, आडनाव धरून शोधायला गेलं तर फक्त ढाल हाती लागते. मग माझ्याकडे बघून विचारलं, घरी मशीन आहे का? आहे ना, आजोबांची, पायाची, आता तिच्यावर टीव्ही ठेवलाय. म्हणाले आजीकडे फाफ होतं, कैझर्सलाउटर्नच्या फाफने 1862 साली पहिलं शिलाई मशीन बनवलं आणि तो मूळचा पितळी वाजंत्री बनवणारा. आणि फाफ आडनावाचा अर्थ? पाद्री! गुरुजींना मी मराठीत सांगितलं तर ते म्हणाले, म्हणजे भटजीने शिवणयंत्र काढलं, बरं केलं, नुसत्या दक्षिणेवर भागतंय कुठे.

तर रेटिंग. लाकडाला एक, लेझरला एक, चहाला अर्धा. मजकुराला शून्य. घ्यायचीच असेल तर वेबसाइटचा तयार मजकूर घेऊ नका, स्वतः चार ओळी लिहून न्या, कोरून छान देतात. ढाल काढून टाका म्हणा, 100 रुपये कमी होतात, मी विचारून आलोय.

फ्रेम साहेब घेऊन गेले. पण विमानतळावर निघायच्या आधी रविवारी सकाळी दुकान उघडायला लावून मागच्या बाजूला एक शब्द कोरून घेतला, क्राफचिक. स्पेलिंग त्यांनी स्वतः कागदावर लिहून दिलं, पोराने तीनदा ताडून बघितलं. मालकाने त्याचे 150 लावले.