१०×५० ची दुर्बीण : पोखरणच्या बॉम्बफेकीत झालेली परीक्षा

बेळगावच्या खडेबाजारातील एका जुन्या दुकानातून मी ही दहा पट मोठे दाखवणारी, ५० मिलिमीटर भिंगांची दुर्बीण साडेचार हजार रुपयांना घेतली, तेव्हा दुकानदाराने "विमाने बघायची असतील तर आठ पटीची न्या काका, दहा पटीत हात हलतो" असे स्वच्छ सांगितले होते. मी ऐकले नाही. सांबऱ्याच्या वायुसैनिक प्रशिक्षण शाळेतून तयार होऊन गेलेल्या माझ्या भाच्यामुळे १७ फेब्रुवारी २०२४ रोजी जैसलमेरजवळच्या पोखरण रेंजवर, म्हणजे बॉम्बफेकीच्या सराव मैदानावर, हवाई दलाचा 'वायुशक्ती' सराव पाहण्याचा योग आला आणि दुकानदाराचे म्हणणे तिथे पटले.

आरंभी तीन चेतक हेलिकॉप्टरे तिरंगा आणि हवाई दलाचा ध्वज घेऊन संथपणे समोरून गेली, तोवर दुर्बिणीबद्दल तक्रारीला जागा नव्हती. ध्वजाची फडफडणारी कडसुद्धा स्पष्ट दिसत होती. पुढे मात्र पंचाईत झाली. या दुर्बिणीतून दोन किलोमीटरवर जेमतेम सव्वादोनशे मीटर रुंदीचा पट्टा दिसतो, आणि १९७९ पासून सेवेत असलेले जग्वार लढाऊ विमान ताशी ८६० किलोमीटरच्या आसपास वेगाने आडवे गेले, तर तो पट्टा एका सेकंदात ओलांडते. मला दिसले ते निळे आभाळ आणि एकदा कुणाचीतरी टोपी. राफेल विमानाच्या सोनिक बूमने, म्हणजे ध्वनीपेक्षा जास्त वेगाने जाताना होणाऱ्या स्फोटासारख्या आवाजाने, दचकून दुर्बीण कपाळावर आपटली, त्यात मात्र तिचा दोष नाही.

"मामा, विमानाचा नाद सोडा, बॉम्ब पडणार ते लक्ष्यच धरून ठेवा," असे भाच्याने सांगितल्यावर खरी मजा कळली. बॉम्ब पडताच आधी लखलखाट होतो, मग वाळूचा करडा खांब उभा राहतो, हे सारे अगदी मुक्याने. दोन किलोमीटरवरचा आवाज सहा सेकंदांनी येऊन छातीवर आदळतो. तो सहा सेकंदांचा अवकाश या दुर्बिणीने मला जवळून दाखवला. दोन तासांत दोन किलोमीटर त्रिज्येच्या क्षेत्रात सुमारे ५० टन दारूगोळा टाकला गेला. ऊन असेपर्यंत तापलेल्या वाळूवरची थरथरती हवाही दहापट होऊन दिसत असल्याने लक्ष्याच्या कडा विरघळल्यासारख्या वाटत. सूर्य कलल्यावर चित्र स्थिर झाले आणि अंधार पडू लागला तशी ५० मिलिमीटरची मोठी भिंगे कामी आली. साध्या डोळ्यांना नुसता ठिपका वाटणाऱ्या जाळात जळत्या लक्ष्याचा आकार ओळखता येत होता.

बांधणी मात्र सुमार आहे. फोकसच्या चाकात बारीक वाळू शिरून ते करकरू लागले, भिंगांची झाकणे सैल असल्याने एक रेंजवरच हरवले, आणि चष्मा लावणाऱ्याला डोळ्यांकडच्या रबरी कडा दुमडूनही पूर्ण चित्र मिळत नाही. वजनाने मान अवघडते ती वेगळीच.

राजहंसगडावर तटाला कोपर टेकून खालची गावे न्याहाळायला ही दुर्बीण उत्तम आहे. खानापूरच्या रानात उडत्या धनेश पक्ष्यामागे फिरवायला ती घेऊ नये. परत आल्यावर दुकानदाराने चाक साफ करून दिले, पैसे घेतले नाहीत, आणि काही न बोलता ८×४२ ची दुर्बीण माझ्यासमोर ठेवली. तिची किंमत हिच्याहून बाराशेने जास्त आहे.