कोलाजची बैठक की घरी दिलेलं पाकीट?

स्मृतिभ्रंश झालेल्यांना घरी सांभाळणाऱ्यांसाठी मैत्रीण औषधांचं अ‍ॅप बनवतेय. तिचा प्रश्न: या सांभाळणाऱ्यांच्या गरजा समजून घ्यायला त्यांना एकत्र बोलावून कोलाज (कात्रणं चिकटवून केलेलं चित्र) करून घेऊ, की घरच्या नोंदी-फोटोंसाठी वही-कॅमेऱ्याचं पाकीट देऊ?

आधी वेळ बघ. सासूबाईंना एकटं सोडून सून तीन तास येणार कशी? बदली माणसाचे पैसे तूच द्यायला हवेत. पाकीट (१९९९ साली बिल गेव्हर आणि सहकाऱ्यांनी मांडलेली ‘कल्चरल प्रोब्ज’ पद्धत) रात्री अकरालाही उघडता येतं. काही वह्या मात्र कोऱ्याच परत येतील.

फोटोत गोळ्यांच्या डबीवरची चिठ्ठी दिसते. कोलाजमध्ये एकीने चिकटवलेलं फाटकं घड्याळ बघून दुसरी बोलती होते, दाबलेली चीडही बाहेर पडते. मला हे फार मोलाचं वाटतं.

घरातली घडी समजून घ्यायचीय? पाकीट. अ‍ॅपने काय करावं हे एकत्र ठरवायचंय? बैठक.