ओंटारिओत बाळाला कुठे ठेवायचं? सेंटर, एजन्सीचं घर की ओळखीच्या ताई

ब्रॅम्प्टन, मिसिसॉगा, टोरांटो या पट्ट्यातल्या मराठी घरांत बाळ आठ-नऊ महिन्यांचं झालं की एक चर्चा ठरलेली असते. रजा संपल्यावर त्याला ठेवायचं कुठे? पर्याय साधारण तीन. लायसन्स असलेलं डेकेअर सेंटर, लायसन्स असलेल्या एजन्सीशी जोडलेलं घरगुती डेकेअर, आणि ओळखीतून कळलेल्या, स्वतःच्या घरी चार मुलं सांभाळणाऱ्या एखाद्या ताई. मनाला सगळ्यात सोपा वाटतो तो तिसरा: ताई मराठी बोलतात, वरणभात भरवतात, संध्याकाळी थोडा उशीर झाला तर समजून घेतात. पण सरकारच्या मदतीचा मोठा हिस्सा त्यांच्या दारापर्यंत पोहोचतच नाही. निर्णय घेण्याआधी हा हिशोब कागदावर मांडायला हवा, कारण वर्षाला काही हजार डॉलरचा फरक पडतो.

मदत तीन वाटांनी येते. एक थेट डेकेअरला मिळते आणि तुमची फी कमी होते. दुसरी घराच्या उत्पन्नावर ठरते. तिसरी टॅक्स रिटर्नमधून परत येते.

२२ डॉलरची मर्यादा

केंद्र सरकारशी बालसंगोपनाचा करार करणारा ओंटारिओ हा शेवटचा प्रांत. सही झाली २८ मार्च २०२२ रोजी, आणि त्यानंतर फी टप्प्याटप्प्याने उतरली. १ जानेवारी २०२५ पासून या करारातल्या योजनेत सामील असलेल्या डेकेअरला सहा वर्षांखालच्या मुलासाठी दिवसाला २२ डॉलरपेक्षा जास्त मूळ फी घेता येत नाही. लोकांच्या तोंडी अजून ‘दहा डॉलरवालं डेकेअर’ असतं, पण दहा हे सरासरीचं उद्दिष्ट होतं. ओंटारिओत बजेट करताना २२ धरा.

या योजनेची मला सर्वांत आवडणारी गोष्ट म्हणजे पालकाला काही सिद्ध करावं लागत नाही. उत्पन्न किती, पीआर (कायमचं वास्तव्य) आहे की वर्क परमिट, नवरा-बायको दोघं कमावतात का, हे प्रश्नच नाहीत. सरकार पैसे डेकेअरला देतं, आणि तिथे जागा मिळालेल्या प्रत्येक मुलाची फी कमी होते. म्हणजे मदत जागेला चिकटलेली आहे. जागा नसेल तर पात्र असूनही हाती काही येत नाही.

इथे एक गोष्ट अनेकांच्या नजरेतून सुटते. लायसन्स असणं आणि योजनेत असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. योजनेत सामील होणं डेकेअरच्या मर्जीवर असतं. बहुतेक सामील आहेत, पण काही बाहेर राहिली आहेत आणि ती पूर्ण फी घेतात. त्यामुळे फोन केल्यावर पहिला प्रश्न हाच विचारा. दुसरा प्रश्न, मूळ फीच्या बाहेर काय काय आकारता? उशिरा नेल्याचा दंड, ऐच्छिक सहली वगैरे २२ डॉलरमध्ये धरलेलं नसतं.

आता आकडे

वर्षाचे २६० दिवस धरले तर २२ डॉलरप्रमाणे ५,७२० डॉलर होतात, महिन्याला ४७७ च्या आसपास. ताई महिन्याला ९०० घेतात असं मानू; वर्षाचे झाले १०,८००. तुमच्या भागातला दर वेगळा असेल तर तो घालून बघा, रीत हीच.

बालसंगोपनाचा खर्च उत्पन्नातून वजा करता येतो, आणि साधारणपणे दोघांपैकी कमी उत्पन्न असलेल्याने तो दाखवायचा असतो. सात वर्षांखालच्या मुलासाठी मर्यादा ८,००० डॉलर. त्या व्यक्तीचा टॅक्सचा दर २० टक्क्यांच्या आसपास असेल तर ताईंच्या १०,८०० पैकी फक्त ८,००० धरले जातात आणि १,६०० वाचतात. खरा खर्च ९,२००. सेंटरचे ५,७२० सगळेच धरले जातात, १,१४४ वाचतात, खरा खर्च ४,५७६. फरक साडेचार हजारांहून जास्त, आणि तोही ताईंनी रीतसर पावती दिली तर.

पावतीचा मुद्दा नीट समजून घ्या. घरी मुलं सांभाळणाऱ्या व्यक्तीच्या पावतीवर तिचा सोशल इन्शुरन्स नंबर लागतो. ‘कॅश दिलीत तर शंभर डॉलर कमी घेईन’ असं कोणी म्हटलं तर वर्षाला बाराशे वाचल्यासारखे वाटतात, पण वर दाखवलेले सोळाशे जातात. शिवाय कुटुंबाचं उत्पन्न दीड लाखाच्या आत असेल तर ओंटारिओचं केअर टॅक्स क्रेडिटही हातचं जातं. बालसंगोपनाच्या खर्चापोटी मिळणारं हे क्रेडिट सात वर्षांखालच्या प्रत्येक मुलामागे ६,००० डॉलरपर्यंत असतं. सगळ्यात कमी उत्पन्नाला खर्चाच्या ७५ टक्के, आणि उत्पन्न वाढेल तशी टक्केवारी उतरते. पावती नसेल तर यातलं काहीच नाही.

ताईंबद्दल

लायसन्स नाही म्हणजे बेकायदेशीर, असं समजू नका. ओंटारिओच्या कायद्यानुसार लायसन्सशिवाय घरी तेरा वर्षांखालची जास्तीत जास्त पाच मुलं सांभाळता येतात, त्यातली दोन वर्षांखालची तीनच. ताईंची स्वतःची चार वर्षांखालची मुलंही या पाचांत मोजली जातात. आपल्याकडे प्रांताचं लायसन्स नाही हे त्यांनी पालकांना लेखी कळवायचं असतं. बहुतेक घरांत हा कागद कोणी देत नाही आणि कोणी मागतही नाही. मागा. त्यात अविश्वास नाही. ज्या ताई तो कागद सहज काढून देतात, त्या बाकीचे नियमही पाळत असण्याची शक्यता जास्त.

बाळ सुरक्षित आहे का हे बघायला तिथे नियमित कोणी येत नाही. तक्रार गेली तरच मंत्रालयाचा माणूस दार वाजवतो. हा धोका पैशांत मोजता येत नाही, आणि माझ्या मते तो २२ डॉलरपेक्षाही मोठा मुद्दा आहे.

मधला पर्याय

लायसन्स असलेल्या एजन्सीशी जोडलेलं घरगुती डेकेअर आपल्या लोकांत फारसं विचारलं जात नाही, याचं मला वाईट वाटतं. इथेही मूल एखाद्याच्या घरीच असतं. एकूण सहापर्यंत मुलं, दोन वर्षांखालची तीनच. पण एजन्सीचा माणूस निदान दर तीन महिन्यांनी न सांगता येऊन बघतो, आणि एजन्सी योजनेत असेल तर तीच २२ डॉलरची मर्यादा लागू होते. एजन्सीला सरळ विचारा की आमच्या भागात मराठी किंवा हिंदी बोलणाऱ्या बाई आहेत का. तोटा एवढाच की त्या आजारी पडल्या तर त्या दिवशी घर बंद राहतं. एजन्सी दुसरी सोय करते का, हे आधीच विचारून ठेवा.

बारा महिने की अठरा?

दीड वर्षाखालच्या बाळांसाठी सेंटरला दर दहा बाळांमागे तीन कर्मचारी ठेवावे लागतात. अठरा महिन्यांनंतर टॉडलर रूममध्ये पाच मुलांमागे एक पुरतो. म्हणून इन्फंट रूम महाग पडते, थोड्याच ठिकाणी असते, आणि तिची वेटिंग लिस्ट हलता हलत नाही. याचा रजेशी थेट संबंध आहे. पेरेंटल रजा लांबवली तर एकूण दीड वर्ष घरी राहता येतं, मात्र पेरेंटल भत्त्याचा दर पगाराच्या ५५ वरून ३३ टक्क्यांवर येतो. तो निर्णय सुरुवातीलाच घ्यावा लागतो. पेरेंटल भत्ता सुरू झाल्यावर बदलता येत नाही. जवळ इन्फंट रूम नसेल आणि घरखर्च झेपत असेल, तर दीड वर्ष रजा घेऊन थेट टॉडलर रूममध्ये जाणं बऱ्याच घरांना सोयीचं ठरतं.

सबसिडी कोणासाठी

ही वेगळी मदत. नगरपालिका किंवा रीजनमार्फत मिळते आणि तिला अर्ज लागतो. हिशोब टॅक्स रिटर्नच्या २३६०० क्रमांकाच्या ओळीवरच्या, दोघांच्या मिळून निव्वळ उत्पन्नावर होतो. २०,००० पर्यंत पालकांचा वाटा शून्य, पुढच्या २०,००० वर १० टक्के आणि त्यावरच्या रकमेवर ३० टक्के. ४०,००० उत्पन्न असेल तर वर्षाला २,०००, म्हणजे महिन्याला साधारण १६७ डॉलर. हा आकडा पूर्ण कुटुंबाचा, दर मुलामागे नाही. दोन मुलं असतील तर फार मोठा आधार.

दोघंही आयटीत कायम नोकरीला असाल तर यात वेळ घालवू नका. पण एक जण कॉलेजात आणि दुसरा वेअरहाऊसमध्ये शिफ्ट करत असेल, तर आजच अर्ज भरा. टोरांटोत सबसिडीचीही वेगळी वेटिंग लिस्ट आहे, आणि डेकेअरच्या व सबसिडीच्या, दोन्ही यादींत नाव हवं. मूल सहाच्या पुढे गेल्यावर २२ डॉलरची मर्यादा सुटते. शाळेआधी-शाळेनंतरच्या लायसन्सच्या डेकेअरला मग हीच सबसिडी उरते. ताईंकडे मात्र ती लागू होत नाही.

चाइल्ड बेनिफिटचे, म्हणजे सरकार मुलांसाठी पालकांना दरमहा देतं ते पैसे यात मी धरलेले नाहीत. ते मूल कुठेही ठेवा, मिळतात. वर्क परमिटवर असाल तर कॅनडात अठरा महिने पूर्ण झाल्यावर त्यांची पात्रता सुरू होते.

आणि आजी

सुपर व्हिसावर आजी-आजोबा एका वेळी पाच वर्षांपर्यंत राहू शकतात, आणि नातवंडासाठी त्याहून चांगलं काही नाही. पण साठी-सत्तरीच्या माणसाने जानेवारीच्या बर्फात दिवसभर घरात एकट्याने रांगतं मूल सांभाळणं सोपं नाही. त्यांची तब्येत, आरोग्य विमा, गावाकडचं घर, कशानेही त्यांना मध्येच परत जावं लागू शकतं. आई येणार आहे म्हणून डेकेअरच्या यादीतून नाव काढू नका.

मी काय करेन

गरोदरपणातच तीन-चार योजनेतल्या सेंटरांत आणि एका एजन्सीकडे नाव घालेन. यादीत नाव घालायला पैसे मागायला लायसन्सवाल्या डेकेअरला २०१६ पासून मनाई आहे. कोणी मागितले तर देऊ नका. दर महिन्या-दोन महिन्यांनी एक साधी ईमेल पाठवून आम्हाला अजून जागा हवी आहे हे कळवत राहीन. रजा संपेपर्यंत जागा नाहीच मिळाली तर ताईंकडे जाईन, पण पावती देणाऱ्या, लेखी कागद देणाऱ्या आणि मुलांची संख्या लपवत नसलेल्या ताईंकडे. त्यांच्याशी दोन आठवड्यांच्या नोटिशीवर मूल काढता येईल असं आधीच ठरवून घेईन, आणि यादीत नाव आहे हेही त्यांना स्पष्ट सांगेन. सेंटरमधून बोलावणं आलं की होकार द्यायला फार दिवस मिळत नाहीत, आणि त्या वेळी ताईंना तीन महिन्यांची फी बांधून दिलेली असली तर ती २२ डॉलरची जागा हातून जाते.