वॉल पॅनलिंग करताय? रेंडर नंतर बघा, आधी कटलिस्ट काढा

डिझायनर असाल किंवा स्वतःच्या घराचं काम काढलं असेल, वॉल पॅनलिंग करणाऱ्या सगळ्यांसाठी हा रिव्ह्यू. सॉफ्टवेअर म्हणजे स्केचअप हे थ्रीडी ड्रॉइंगचं, डेस्कटॉपवालं, आणि त्यात टाकायचं ओपनकटलिस्ट नावाचं फुकट एक्स्टेंशन (जोडप्रोग्राम), जे कटलिस्ट म्हणजे कापायच्या तुकड्यांची यादी काढून देतं. हे एक्स्टेंशन मुळात कपाटं, किचन, टेबल बनवणाऱ्यांसाठी आहे, पण मी आता हॉलच्या भिंती पण यातच करते आणि नुसत्या रेंडर (म्हणजे खऱ्यासारखं दिसणारं चित्र) काढणाऱ्या ॲप्सपेक्षा हे कितीतरी जास्त कामाला येतं.

कारण सांगते. क्लायंट पिंटरेस्टवरचा फोटो घेऊन येतात, रेंडर ॲपमधे तशी भिंत पटकन दिसते, घरातले सगळे खूश, आणि मग मिस्त्री विचारतात "मॅडम, पट्टी किती रुंद आणि नग किती?" त्याचं उत्तर त्या ॲपकडे नसतंच, त्याला पॅनलिंग म्हणजे भिंतीवर लावलेलं एक चित्र. कपाटाच्या सॉफ्टवेअरमधे मात्र प्रत्येक तुकडा हा खरा माल असतो, त्याला जाडी आहे, ग्रेन म्हणजे लाकडाच्या रेषांची दिशा आहे, एज बँड (कडेवर चिकटवायची पट्टी) लागणारी कड आहे. आणि फ्रेम-पॅनलची भिंत म्हणजे तरी काय, शेकर शटरच की (चौकट आणि मधे सपाट पॅनल असलेलं कपाटाचं दार), फक्त बारा फुटी!

आता हिशोब बघा. भिंत ३६६० मिमी, मधोमध टीव्ही. मधे टीव्ही असेल तर पॅनल विषम घ्यायचे, नाहीतर उभी पट्टी बरोबर टीव्हीच्या मागे मधोमध येते आणि टीव्हीच्या वरून-खालून अर्धवट डोकावत राहते. म्हणून ५ पॅनल, ६ उभ्या पट्ट्या, पट्टी ९० मिमीची धरली तर मधली प्रत्येक जागा ६२४ मिमी. इथपर्यंत कॅल्क्युलेटरवर पण होतं. खरी मजा पुढे आहे. शीट ८ बाय ४ फुटी म्हणजे २४४० बाय १२२०, त्याच्या दोन्ही कडा १०-१० मिमी साफ केल्या की हातात १२०० राहतात, आणि प्रत्येक कटमधे ब्लेड साधारण ३ मिमी खातं. ९० च्या १३ पट्ट्या बसवायला १२०६ लागतात, म्हणजे बसत नाहीत, १२ च निघतात. पट्टी ८९ केली की ११९३ मधे १३ बसतात! भिंतीवर त्या १ मिमीचा फरक कोणाच्या डोळ्याला दिसणार नाही, पण प्रत्येक शीटमागे एक पट्टी जास्त मिळते. ओपनकटलिस्टमधे ब्लेडची जाडी आणि कडेचं ट्रिमिंग दोन्ही भरता येतं आणि मग कटिंगचा नकाशा समोर येतो, त्यामुळे ही गोष्ट प्लाय मागवायच्या आधी कळते. आमच्यासारख्या छोट्या डिझायनरसाठी यापेक्षा मोठं फीचर नाही.

उंचीचं पण तसंच. शीट २४४० ची आणि हॉल बऱ्याचदा २७५० च्या आसपास, म्हणजे स्कर्टिंग वजा करून सुद्धा एका तुकड्यात पॅनल वरपर्यंत जातच नाही, कुठेतरी जोड येणार. मी तो जमिनीपासून ९०० मिमी उंचीवरच्या आडव्या पट्टीखाली लपवते, मग तो जोड न वाटता डिझाइनच वाटतं.

व्हिनिअर किंवा लाकडी ग्रेनचा लॅमिनेट असेल तर मटेरियलला ग्रेन आहे असं सांगून ठेवायचं, मग जागा वाचवायला सॉफ्टवेअर तुकडे आडवे फिरवत नाही. आणि लेबल्स!! प्रत्येक तुकड्याचं नाव, माप, नंबर छापून निघतं. मुंबईत याची किंमत फार आहे, कारण जुन्या बिल्डिंगच्या लिफ्टमधे ८ बाय ४ ची शीट जात नाही, माणसं जिन्याने चढवतात आणि प्रत्येक मजल्याचे पैसे वेगळे. त्यात सोसायटीत दुपारी कटर चालवू देत नाहीत. मग माल वर्कशॉपमधे पॅनल सॉ मशीनवर कापून, लेबल लावून, वर आणायचा आणि साइटवर फक्त फिटिंग.

एक नक्की लक्षात ठेवा, प्रत्येक तुकडा स्केचअपमधे 'कंपोनंट' केलेला पाहिजे, नुसता 'ग्रुप' केला तर लिस्टमधे येत नाही.

आता जे जमत नाही ते. सॉफ्टवेअरमधली भिंत सरळ असते, गिरगाव-दादरच्या जुन्या घरातली ओळंब्यात नसते आणि कोपरा गुण्यात (काटकोनात) नसतो. त्यामुळे रुंदी खाली, मधे आणि वर अशी तीन ठिकाणी मोजायची आणि टोकाच्या पट्ट्या १०-१५ मिमी जास्त रुंद ठेवायच्या, मिस्त्री त्या जागेवर रंधून भिंतीला बसवतात. आणि ओलीचं तर विचारूच नका, बाहेरच्या भिंतीला पावसाळ्यात ओल येत असेल तर साधा एमडीएफ (लाकडाच्या तंतूंची दाबलेली शीट) फुगणारच, तिथे आयएस ७१० या भारतीय मानकाचा मरीन प्लाय घ्या, पण आधी लीकेज बंद करा, पॅनलिंग करून ओल झाकू नका प्लीज.

मी एक महागडं खास कॅबिनेट सॉफ्टवेअर पण वापरून बघितलं. त्यात कपाटाचा बॉक्स काढून टाकून फक्त फेस फ्रेम म्हणजे पुढची चौकट ठेवली की भिंत होते खरी, पण दरवेळी पाठचं पॅनल आणि बिजागऱ्या खर्चात परत येत होत्या, त्या हाताने काढत बसायचं. रोज दहा किचन काढणाऱ्या फॅक्टरीला ते परवडत असेल, पण आपल्याला भिंतीसाठी एवढं लागत नाही.

मिस्त्रींसाठी अजून एक सोय. आमच्या मिस्त्रींना मिमी चालतं पण बऱ्याच जणांना फूट, इंच आणि सूतच लागतं. एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, तर स्केचअपचं युनिट अपूर्णांकी इंचात १/८ वर ठेवलं की माप थेट सुतात दिसतं. फक्त ते राउंड होतं, पाच पॅनलमधे फरक साठत जातो, म्हणून कापताना मिमीचीच लिस्ट द्या आणि सुतातली समजावून सांगायला ठेवा.

पैशांचं म्हणाल तर ओपनकटलिस्ट फुकट आहे पण स्केचअप प्रो दरवर्षी पैसे घेतं, आणि ब्राउझरमधल्या फुकट स्केचअपमधे एक्स्टेंशन चालत नाहीत, स्केचअप गो नावाच्या प्लॅनमधे पण नाही, घेताना हे बघून घ्या. महिन्याला एखादी साइट असेल तरी माझ्या मते प्रोचे पैसे वाया जात नाहीत. एकाच भिंतीसाठी हवं असेल तर ट्रायल घ्या, पण सगळी मापं, स्विचबोर्डच्या जागा, एसीचा पाइप कुठून जातो हे सगळं आधी कागदावर तयार ठेवा आणि मगच ट्रायल चालू करा, कारण त्याचे दिवस मोजकेच असतात.